कुणाचं काही न हिरावता दूध मिळू शकतं का? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे प्रश्न मला सतत विचारले जातात आणि दर वेळी उत्तर अर्धवट राहतं, म्हणून एकदाच सगळं नीट लिहून काढतेय. जवळजवळ वर्षभर मी एका गोठ्यात पहाटेच्या धारेला मदतीला जात होते, त्यामुळे काही गोष्टी डोळ्यांनी बघितलेल्या आहेत, बाकीच्या नंतर वाचून समजून घेतल्या.

एका वाक्यात सांगा ना, नैतिक दूध शक्य आहे की नाही?

शक्य आहे, पण फार थोडं. जगात आज वर्षाला ९० कोटी टनांच्या वर दूध काढलं जातं, त्यातलं सुमारे ८० टक्के गायीचं, १५ टक्क्यांच्या आसपास म्हशीचं आणि उरलेलं शेळी, मेंढी, उंटाचं. एवढं दूध कुणालाच न दुखवता काढणं मला तरी कुठल्याच हिशोबात बसवता आलेलं नाही. थोडं दूध मात्र बसतं. किती थोडं, ते खाली येईलच.

पण धार काढणं म्हणजे जीव घेणं थोडीच आहे? दूध काढलं तरी गाय जिवंतच राहते की.

हो, धार काढण्यात तसं वाईट काही नाही. हात हलका असेल आणि गाय शांत असेल तर ती डोळे अर्धे मिटून रवंथ करत उभी राहते, हे मी रोज बघितलंय. प्रश्न धारेचा नाहीच, धारेच्या आधीचा आणि नंतरचा आहे.

गाय आपोआप दूध देत नाही, वासरू झालं तरच देते. साधारण २८० दिवस गाभण राहते (म्हैस त्याहून महिनाभर जास्त), मग विते, मग दूध सुरू होतं आणि काही महिन्यांनी कमी कमी होत जातं. म्हणून व्यावसायिक गोठ्यात ती व्याल्यावर दोन-तीन महिन्यांत पुन्हा भरवायची, पुढच्या वेताआधी साधारण दोन महिने आटवायची, आणि वर्ष-सव्वा वर्षात परत वेत, असं चक्र चालतं. म्हणजे दुधाच्या प्रत्येक वेतामागे एक वासरू जन्माला आलेलंच असतं. त्यातली निम्मी वासरं नर. आणि गाय स्वतः, जिचं आयुष्य नीट सांभाळलं तर वीस वर्षांपर्यंत जाऊ शकतं, ती मोठ्या डेअऱ्यांमध्ये साधारण पाच-सहा वर्षांची झाली की काढून टाकली जाते, कारण ती गाभण राहत नाही किंवा पाय गेले किंवा कास गेली किंवा नुसतंच दूध कमी झालं. म्हणून कुठलंही दूध समोर आलं की मी तीन गोष्टी बघते: वासरू आईजवळ होतं का, नर वासराचं काय झालं, आणि भाकड झाल्यावर गाय कुठे गेली.

दूध काढलं नाही तर गायीला त्रास होतो, मग आपण तिला मदतच करतो ना?

होतो त्रास, कास तटतटते, दुखते, ते खरंय. पण ती तटतटते कारण पिणारं वासरू तिथे नाही, आणि असलं तरी त्याला पुरून कितीतरी उरेल एवढं दूध देणारी जात आपण पिढ्यानपिढ्या निवडून निवडून बनवलीय. अडचण आपणच तयार केलीय आणि आता ती दूर करणं याला मदत म्हणायचं, हे मला पटत नाही. रोज वेळेवर धार काढणं हे तिचं आपल्यावरचं देणं आहे, एवढंच म्हणेन.

वासराला आईपासून तोडतात ते का? आणि ते खरंच एवढं वाईट असतं का?

का, ते सोपं आहे. मोकळं सोडलेलं वासरू दिवसाला दहा लिटर किंवा त्याहून जास्त दूध पितं, आणि ते सगळं विकायचं दूध असतं. शिवाय वासरू जवळ असलं की गाय यंत्राला पान्हा सोडत नाही, चोरून ठेवते. आजारांची भीती हेही एक कारण सांगतात, त्यात थोडं तथ्य आहे, पण सगळं नाही. म्हणून बहुतेक व्यावसायिक गोठ्यांत काही तासांत किंवा एक-दोन दिवसांत वासरू वेगळं करतात, बाटलीतून किंवा बादलीतून चीक पाजतात आणि मग ठरलेलं मोजकं दूध किंवा पावडरचं दूध.

आता वाईट किती. मी ज्या गोठ्यात जायचे तिथे एक गाय रात्री व्याली, वासराला चाटून चाटून कोरडं केलं, आणि सकाळी नऊ-साडेनऊला त्याला उचलून पलीकडच्या शेडमध्ये नेलं. ती पहिल्या दिवशी फारशी ओरडली नाही, जिथे वासरू पडलं होतं तिथलं गवत हुंगत राहिली, नाक घासत राहिली. दुसऱ्या दिवशी मात्र हंबरायला लागली, आणि ते हंबरणं नेहमीचं वैरणीसाठीचं नव्हतं, खोल, लांबलेलं, मधेच थांबून कान टवकारायची, पलीकडून उत्तर येतंय का बघायची. पलीकडून यायचंही. मी वासराला बाटली द्यायला गेले तर त्याने आधी माझा अंगठा धरला, ती खरखरीत गरम जीभ, आणि आईच्या कासेला मारावी तशी माझ्या मनगटाला ढुशी दिली. तिसऱ्या रात्रीनंतर दोघंही गप्प झाली. गोठ्याचे मालक वाईट माणूस नव्हते अजिबात, ते म्हणाले, "सवय होते त्यांना." मला ते वाक्य अजूनही पटत नाही. गप्प होणं आणि सवय होणं ही एकच गोष्ट आहे का, मला शंका आहे.

संशोधन काय सांगतं तर तिढा खरा आहे. पहिल्या काही तासांत वेगळं केलं तर त्या वेळचा आकांत कमी असतो, चार दिवसांनी किंवा चार आठवड्यांनी केलं तर जास्त, कारण तोपर्यंत नातं घट्ट झालेलं असतं. लवकर तोडणारे याच मुद्द्यावर बोट ठेवतात. पण आईजवळ राहिलेली वासरं भरभर वाढतात, इतर जनावरांत जास्त चांगली मिसळतात, हेही दिसून आलंय. युरोपियन युनियनच्या अन्नसुरक्षा संस्थेने, एफ्साने, २०२३ साली वासरांबद्दल जो अहवाल दिला त्यात किमान एक दिवस तरी आईजवळ ठेवा आणि पुढे ही मुदत वाढवत न्या असं म्हटलंय. माझ्या मते "लवकर तोडलं तर कमी दुखतं" हे तोडण्याचं समर्थन होऊ शकत नाही. त्यातून एवढंच कळतं की मग तोडायचंच असेल तर कधी. न तोडण्याचा पर्यायही आहे.

न तोडता दूध मिळतं?

मिळतं. वासरू दिवसभर आईबरोबर, रात्री जाळीपलीकडे जिथून एकमेकांना बघता-चाटता येतं, आणि सकाळी एकदाच धार, अशी पद्धत आहे. स्कॉटलंडमध्ये, जर्मनीत आणि आणखी काही देशांत असे गोठे चालू आहेत. दूध कमी विकायला मिळतं, जागा आणि माणसं जास्त लागतात, आणि पाच-सहा महिन्यांनी दूध तोडताना तेही हळूहळू करावं लागतं, आधी नुसतं पिणं बंद, मग अंतर. हे करणाऱ्यांबद्दल मला मनापासून आदर आहे. पण वर सांगितलेल्या तीन गोष्टींपैकी हे फक्त पहिलीचं उत्तर झालं. असल्या काही गोठ्यांतही नर वासरं शेवटी मांसालाच जातात, आणि त्यातले प्रामाणिक लोक ते स्वतःहून सांगतात.

नर वासरांचं नेमकं काय होतं?

दुधाच्या जातीचा खोंड दूध देत नाही आणि मांसाच्या जातीएवढा भरतही नाही, म्हणून अनेक ठिकाणी त्याला काडीची किंमत नसते. काही ठिकाणी जन्मल्याबरोबर मारतात. न्यूझीलंडमध्ये जी वासरं वाढवायची नसतात ती चार दिवसांची झाली की कत्तलखान्यात पाठवता येतात. काही देशांत व्हीलसाठी, म्हणजे वासराच्या कोवळ्या मांसासाठी, काही महिने वाढवतात. जिथे मारता येत नाही किंवा परवडत नाही तिथे सोडून देतात, उपाशी ठेवतात, दूध तोडून तोडून मरू देतात. या सगळ्यात मला शेवटचं सर्वात क्रूर वाटतं, कारण तिथे कुणाच्याच हाताला रक्त लागत नाही.

दूध आणि मांस हे दोन वेगळे धंदे आहेत असं आपल्याला वाटतं. पण जगातल्या गोमांसाचा मोठा वाटा दुधाच्याच कळपातून येतो, भाकड गायी आणि नको असलेली वासरं.

सेक्स्ड सीमेन, म्हणजे मादी वासरं व्हावीत म्हणून निवडून वेगळं केलेलं रेत, वापरलं तर ९० टक्के कालवडीच होतात, मग प्रश्न सुटला?

मलाही बरेच दिवस असंच वाटायचं, आणि नको असलेल्या नरांची संख्या त्याने खरंच कमी होते, ते चांगलंच आहे. पण कालवडी तरी किती ठेवणार? एका गायीला चार वेतं झाली आणि चारही कालवडी झाल्या तर एका गायीच्या जागी चार गायी उभ्या राहिल्या, त्या चौघींना प्रत्येकी चार... कळप फुगतच जाणार, कुणालातरी काढावंच लागणार. कोण मरणार एवढंच बदललं. म्हणून पुढचा प्रश्न जास्त महत्त्वाचा आहे, आणि तो फारसा कुणी विचारत नाही.

कुठलंच जनावर मारायचं नाही, सगळ्यांना म्हातारपणापर्यंत सांभाळायचं ठरवलं तर दूध किती मिळेल?

चला, वही-पेन घेऊन बसू. आकडे मी धरलेले आहेत, तुम्ही तुमचे धरा, पण हिशोबाची रीत बदलणार नाही.

समजा एक मध्यम गाय एका वेतात ५,००० लिटर देते. वासराला पोटभर पिऊ दिलं तर तीन-साडेतीन महिन्यांत साधारण १,००० लिटर ते पिणार. उरले ४,००० लिटर. आता बघा, गोठ्यातलं प्रत्येक जनावर, मग ती गाय असो, खोंड असो की म्हातारी भाकड, हे कधीतरी कुणाच्यातरी एका वेताचं वासरू होतं. म्हणजे जेवढी वेतं तेवढी आयुष्यं. एक वेत दूध घेतलं की एका जीवाची वीस वर्षं आपल्या अंगावर आली. ४,००० लिटर भागिले वीस वर्षं, वर्षाला २०० लिटर, दिवसाला अर्ध्या लिटरच्या किंचित वर.

हे पहिल्यांदा मांडलं तेव्हा मी दोनदा तपासलं. रोज अर्धा लिटर दूध लागणाऱ्या प्रत्येक माणसामागे एक अख्खं जनावर कायम उभं, त्याची वैरण, पाणी, जागा, औषध, शेण काढणारा माणूस, सगळं वीस वर्षं. आणि त्या अर्ध्या लिटरमध्ये दही, लोणी, चीज सगळं आलं. वासरू नर आहे की मादी याने हा भागाकार बदलत नाही, म्हणूनच सेक्स्ड सीमेनने प्रश्न सुटत नाही. कळप स्थिर ठेवायचा तर एका गायीने आयुष्यात सरासरी दोनच वेतं द्यायची, एक कालवड एक खोंड. वेतं कमी म्हणून दूध कमी, आणि दूध वाढवायला वेत वाढवलं की खाणारी तोंडं वाढतात.

एकच वाट थोडी मोकळी आहे, ती म्हणजे वेत लांबवणं. काही गायी पुन्हा न भरवता दोन वर्षं किंवा जास्तही दूध देत राहतात, रोजचं कमी होत जातं पण चालू राहतं. असं केलं तर एका जीवामागे मिळणारं दूध वाढतं. खोंडांना बैल म्हणून काम मिळालं, शेणखत शेतात गेलं, तर खर्चाची काही भरपाई होते. पण तरीही जेवढं दूध आपण आज सहज ओततो, त्याच्या जवळपाससुद्धा हे जात नाही.

हे असं प्रत्यक्षात कुणी करतं का?

करतात. ब्रिटनमध्ये अहिंसा डेअरी फाउंडेशन आहे, तिथे गायी, बैल कुणालाच कत्तलीला पाठवत नाहीत, म्हातारपणापर्यंत सांभाळतात, बैलांना कामाला लावतात. त्यांचं दूध नेहमीच्या दुधाच्या कितीतरी पट महाग आहे. लोक म्हणतात केवढं महाग! वरचा भागाकार केल्यावर मला उलट वाटायला लागलं, की बाकीचं दूध एवढं स्वस्त कसं, आणि फरकाचे पैसे कोण भरतंय.

जास्त दूध देणारी गाय असेल तर कमी गायी पुरतील, कमी जीवांना त्रास. हे बरोबर ना?

कागदावर बरोबर. अमेरिकेतल्या होल्स्टीन, म्हणजे काळ्या-पांढऱ्या दुधाळ जातीच्या गायी, आता वर्षाला सरासरी १० हजार लिटरच्या पुढे गेल्यात. पण त्या दुधाची किंमत गायीच्या अंगातून वसूल होते. कासदाह, ज्याला गोठ्यात दगडी म्हणतात, पायांचे आजार, व्याल्यावर कॅल्शियम एकदम उतरणं, गाभण न राहणं. वेगवेगळ्या देशांतल्या पाहण्यांत साधारण चार-पाच गायींमागे एक लंगडताना सापडते. एफ्साने २००९ सालीच स्पष्ट लिहिलं होतं की दुधासाठी वर्षानुवर्षं केलेली निवड हेच दुभत्या गायींच्या हालांचं मुख्य कारण आहे.

आणि ही निवड किती अरुंद झालीय बघा, अमेरिकेतल्या कृत्रिम रेतनाच्या जवळजवळ सगळ्या होल्स्टीन वळूंची पितृवंशावळ १९६० च्या दशकात जन्मलेल्या दोन वळूंपाशी जाऊन थांबते. त्यातल्या एकाच्या अंगात एक घातक जनुकीय दोष होता, त्याच्या लेकींनी दूध भरपूर दिलं, पण दोष दोन्हीकडून आला की गर्भ पोटातच मरायचा, आणि तो सापडेपर्यंत जगभर सुमारे ५ लाख गर्भपात झाले असा अंदाज आहे. एका वळूमुळे.

दूध वाढवणाऱ्या बीएसटी हार्मोनचंही तसंच. अमेरिकेने १९९३ साली परवानगी दिली, कॅनडाने १९९९ साली नाकारली, युरोपनेही बंदी घातली, आणि त्यामागे दगडी आणि लंगडेपणा वाढतो हे मोठं कारण होतं. त्यामुळे "कमी गायी" हे उत्तर मला अर्धवट वाटतं, कमी गायी पण जास्त झिजलेल्या.

ऑर्गॅनिक, ग्रास-फेड, ए-टू असं लिहिलेलं दूध घेतलं की चालेल?

लेबल काय सांगतं आणि काय सांगत नाही ते बघा. ऑर्गॅनिकमध्ये चारा, औषधं, मोकळी जागा याचे नियम असतात, युरोपात वासराला पहिले ९० दिवस खरं दूध पाजायचंही बंधन आहे, पण ते आईजवळच ठेवा असं नाही आणि खोंडाला मारू नका असंही नाही. ग्रास-फेड म्हणजे गवत खाल्लं, बस. ए-टू हा दुधातल्या एका प्रथिनाचा प्रकार आहे, गायीच्या सुखदुःखाशी त्याचा काही संबंध नाही.

मोठ्या डेअरीपेक्षा छोट्या घरगुती गोठ्यातलं दूध जास्त चांगलं असणार ना?

बऱ्याचदा असतं, नेहमी नाही. छोट्या गोठ्यात माणसाला गायीचं नाव, खोड, दुखणं माहीत असतं, ही मोठी गोष्ट आहे. काही जातींत तर वासराशिवाय पान्हाच फुटत नाही, त्यामुळे आधी वासरू लावायचं, पान्हा सुटला की ओढून बाजूला बांधायचं, धार काढायची आणि शेवटचं थोडं त्याला सोडायचं, अशी रीत असते. यात वासरू निदान आईजवळ राहतं. पण शेवटचं थोडं म्हणजे किती, यावर सगळं अवलंबून. मी बरगड्या मोजता येतील अशी वासरं बघितलीत, आईच्या शेजारीच बांधलेली.

शिवाय छोट्या गोठ्यात जनावर बऱ्याचदा बाराही महिने दावणीला असतं, दोन हात दोरीत आयुष्य जातं. ब्रिटनमध्ये १९६५ साली पाळीव जनावरांच्या हालांबद्दल नेमलेल्या सरकारी ब्रॅम्बेल समितीने जो अहवाल दिला त्यात जनावराला किमान उभं राहता, बसता, वळता, अंग चाटता आणि हातपाय ताणता आले पाहिजेत एवढंच मागितलं होतं. किती साधं मागणं आहे! दावणीला बांधलेल्या गायीला वळतासुद्धा येत नाही, मग गोठा दोन जनावरांचा असो की दोन हजारांचा.

शिंगं जाळतात ते काय?

वासरू लहान असताना तापलेल्या लोखंडाने शिंगाचं मूळ जाळतात, म्हणजे पुढे गायी एकमेकींना किंवा माणसाला मारणार नाहीत. भूल न देता करतात तेव्हा ते अतिशय वेदनादायक असतं. भूल आणि वेदनाशामक दोन्ही उपलब्ध आहेत, बिनशिंगाच्या जातींचा पर्यायही आहे, त्यामुळे भूल न देण्याला मला एकही कारण सापडत नाही, वेळ आणि पैसे वाचवणं सोडून.

कृत्रिम रेतन म्हणजे जबरदस्ती नाही का?

काही जण याला फार मोठे शब्द वापरतात, मी वापरत नाही. मोकळ्या माळावर वळू अंगावर येतो तेही नेहमी सौम्य नसतं. मला त्या दोन मिनिटांपेक्षा पुढची नऊ महिन्यांची गर्भारपणं एकामागून एक लादली जातात ते जास्त सलतं.

पर्यावरणाचं काय?

सायन्स या मासिकात २०१८ साली जगभरच्या हजारो शेतांचा एक मोठा अभ्यास आला होता. त्यात गायीच्या एका लिटर दुधामागे सरासरी ३ किलोच्या आसपास कार्बन डायऑक्साइडएवढे वायू, सुमारे ९ चौरस मीटर जमीन आणि ६२८ लिटर पाणी असा हिशोब निघाला. सोया, ओट, बदाम यांच्या दुधाला वायू साधारण १ किलो किंवा त्याच्या आसपास. बदामाला पाणी खूप लागतं हे खरंय, ३७१ लिटर, पण तेही गायीच्या दुधापेक्षा कमीच.

आता एक अवघड गोष्ट, जी जनावरांवर प्रेम करणारी माणसं टाळतात. रवंथ करणारं जनावर ढेकरांतून मिथेन सोडतं, आणि मिथेन शंभर वर्षांच्या मापाने कार्बन डायऑक्साइडपेक्षा २७ ते ३० पट तापवतो. गाय वीस वर्षं जगवली, खोंड जगवला, तर दर लिटरमागे वायू वाढणार, कमी नाही होणार. दया आणि हवामान इथे एकमेकांच्या विरुद्ध ओढतात. दोन्ही सांभाळायचं असेल तर जनावरंच कमी जन्माला घालायला हवीत, म्हणजे दूधच कमी.

दूध कमी केलं तर अंगाला काही कमी पडेल?

मोठ्या माणसाला नाही, थोडं लक्ष दिलं तर. जगातल्या साधारण दोन तृतीयांश मोठ्या माणसांना लहानपणानंतर दुधातली साखर पूर्ण पचतच नाही, आणि ती माणसं धडधाकट जगतात. सोयाच्या दुधात प्रथिनं गायीच्या दुधाच्या जवळपास असतात, बदामाच्या दुधात फारच कमी, त्यामुळे दोन्ही सारखीच समजू नका. कॅल्शियम घातलेलं आहे का ते बघून घ्या, पाकीट हलवून घ्या कारण ते तळाशी बसतं. बी-ट्वेल्व्ह मात्र वनस्पतीतून भरवशाने मिळत नाही, दूध-अंडी-मांस सगळंच सोडलं तर गोळी किंवा बी-ट्वेल्व्ह घातलेलं अन्न लागतंच, यात हयगय करू नका.

लहान बाळांचं वेगळं. एक वर्षाच्या आतल्या बाळाला आईचं दूध किंवा बाळांसाठीचं फॉर्म्युला, तिथे बदामाचं किंवा ओटचं दूध चालत नाही, आणि मुख्य दूध म्हणून गायीचंही नाही. त्यापुढच्या लहान मुलांच्या आहारात बदल करायचा तर आधी डॉक्टरांशी बोला. तत्त्वाची किंमत मुलाने मोजू नये.

मी शाकाहारी आहे, मग माझ्यामुळे कुणी मरत नाही ना?

हा प्रश्न विचारणाऱ्यांना मी दुखवू इच्छित नाही, कारण मीही वर्षानुवर्षं असंच धरून चालले होते. पण १९४४ साली इंग्लंडमध्ये डोनाल्ड वॉटसन आणि त्यांच्या सोबत्यांनी व्हीगन (दूध-अंडीही न खाणारा) हा शब्द काढला तो मांसाहाऱ्यांशी भांडून नाही, शाकाहाऱ्यांमध्येच दुधावरून जो वाद होता त्यातून. त्यांचं म्हणणं हेच होतं की दूध आणि कत्तल एकाच दोरीची दोन टोकं आहेत. मी त्यांच्या सगळ्या निष्कर्षांशी सहमत नाही, पण ते टोक बघायचं टाळणंही मला जमत नाही.

चीज, लोणी खाल्लं तर कमी दोष लागतो का, थोडंसंच तर असतं?

उलट आहे. एक किलो चीजला साधारण दहा लिटर दूध लागतं, लोण्याला त्याच्या दुप्पट किंवा जास्त. चीज विरजायला पूर्वी दूधपित्या वासराच्या पोटातलं रेनेट (दूध घट्ट करणारा पदार्थ) वापरत, आता बरंचसं सूक्ष्मजीवांकडून बनवलेलं असतं, अमेरिकेने त्याला १९९० साली मान्यता दिली. पाकिटावर बघा.

गायीशिवाय बनवलेलं खरं दूध येणार म्हणतात?

सूक्ष्मजीवांना दुधातल्या प्रथिनाची जनुकं देऊन टाकीत ते प्रथिन तयार करतात, अमेरिकेत त्याचं आइस्क्रीम २०१९ साली विकायलाही आलं. आशा आहे मला, पण त्याच्या भरवशावर आजचा प्रश्न पुढे ढकलायचा नाही.

शेतकऱ्यांचं काय? त्यांच्या पोटावर पाय देणार का?

जगात सुमारे १५ कोटी कुटुंबं दुधावर काही ना काही अवलंबून आहेत, बरीचशी दोन-चार जनावरांवर. पीक सहा महिन्यांनी पैसे देतं, दूध रोज देतं, हे ज्याच्या घरात रोख पैसा नाही त्यालाच कळतं. गोठ्यातली माणसं क्रूर असतात म्हणून हे घडतं असं मी कधीच म्हणणार नाही. ज्या मालकांबद्दल वर लिहिलं ते आजारी गायीजवळ रात्रभर बसलेले मी बघितलेत, तिचं डोकं मांडीवर घेऊन. पण दुधाला जो भाव मिळतो त्यात खोंड वीस वर्षं सांभाळता येत नाही, भाकड गाय सांभाळता येत नाही. स्वस्त दूध मागणारे आपण, आणि जनावर काढून टाकायचा निर्णय मात्र त्यांनी एकट्यांनी घ्यायचा, नंतर शिव्याही त्यांनीच खायच्या. कमी घ्या आणि नीट भाव द्या, हे दोन्ही एकत्र केलं तरच त्यांच्याकडे काही मागायचा आपल्याला हक्क आहे.

एखाद्या गोठ्यातून दूध घ्यायचं ठरवलं तर काय विचारू?

आधी जाऊन बघा, शक्यतो धारेच्या वेळेला, न सांगता जाता आलं तर अजून चांगलं. गायी हात उचलल्यावर दचकतात का बघा, गुडघ्यांवर जखमा आहेत का, खूर वाढलेत का. वासरं कुठे आहेत विचारा, किती दिवस आईजवळ असतात, किती दूध पितात, आणि त्यांचं पोट बघा, उत्तरापेक्षा ते जास्त खरं सांगेल. शिंगं जाळताना भूल देता का विचारा. सर्वात म्हातारी गाय कितीची आहे आणि ती दूध देते का, हे नक्की विचारा. आणि मग शांतपणे विचारा, मागच्या वर्षी झालेले खोंड दाखवता का. बहुतेक ठिकाणी इथे गप्प बसतात. एका ठिकाणी एक आजी मला हाताला धरून मागे घेऊन गेल्या आणि सहा खोंड दाखवले, एकेकाचं नाव घेऊन.

तुम्ही स्वतः दूध पिता का?

पिते, त्या आजींकडचं. आठवड्याला एक लिटर, त्याहून जास्त त्या देतही नाहीत कारण वासरांना कमी पडतं. उन्हाळ्यात गायी आटवल्या की दोन-अडीच महिने काहीच मिळत नाही, तेव्हा सोयाचं घेते.